रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड, द

अमेरिकन विनोदी भयपट. इंग्रजी, रंगीत, लांबी ९१ मिनिटे. प्रदर्शन : १६ ऑगस्ट १९८५. पटकथा व दिग्दर्शन : डॅन ओ'बॅनन. कथा : रूडी रिची, जॉन रूसो व रसेल स्ट्रायनर. निर्माता : टॉम फॉक्स. छायालेखन : ज्यूल्स ब्रेनर. संकलन : रॉबर्ट गॉर्डन. कलासंकल्पन : विल्यम स्टाउट. पार्श्वसंगीत : मॅट क्लिफर्ड. वितरण : ओरायन पिक्चर्स. प्रमुख भूमिका : क्लू गुलागर (बर्ट), जेम्स कॅरेन (फ्रँक), डॉन काल्फा (अर्नी), थॉम मॅथ्यूज (फ्रेडी), बेव्हर्ली रँडॉल्फ (टीना), लिनिया क्विग्ली (ट्रॅश), मिगेल नुन्येझ (स्पायडर).

झॉम्बी म्हटला की तो मेंदू मागणार, ही आज लहान मुलांनाही ठाऊक असलेली कल्पना या चित्रपटाने रूढ केली. एका गोदामातील अपघात, त्यातून उठलेली प्रेते आणि त्यांच्या तावडीत सापडलेली विशीच्या आतबाहेरची सात-आठ मुले एवढाच त्याचा ऐवज आहे. तरीही मृतदेह साठवणे, विकणे, चुकीच्या पत्त्यावर पाठवणे आणि त्याबद्दल मौन बाळगणे या व्यवहाराकडे इतक्या बारकाईने पाहणारा दुसरा झॉम्बीपट प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही.

पूर्वपीठिका : जॉर्ज रोमेरो दिग्दर्शित ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) या पिट्सबर्गमध्ये बनलेल्या कृष्णधवल चित्रपटाचे सहलेखन जॉन रूसो यांनी केले होते. प्रदर्शनापूर्वी त्या चित्रपटाचे नाव बदलले. नवे शीर्षक घालताना वितरकाकडून स्वामित्वहक्काची सूचना गळाली आणि चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला. पुढे रोमेरो व रूसो यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. शीर्षकातील ‘लिव्हिंग डेड’ हे शब्द वापरण्याची मुभा रूसोंकडे राहिली, असे सामान्यतः सांगितले जाते. त्या समझोत्याच्या तपशिलाबाबत मात्र एकवाक्यता नाही. रूसोंनी याच नावाची कादंबरी लिहिली. तिचे हक्क टॉम फॉक्स यांनी घेतले आणि दिग्दर्शनासाठी ‘टेक्सस चेनसॉ मॅसकर’चे टोबी हूपर यांना ठरवले. हूपर ‘लाइफफोर्स’ या चित्रपटाकडे वळल्यावर पटकथेसाठी आणलेल्या ओ'बॅनन यांच्याकडेच दिग्दर्शन आले. कादंबरीतील गंभीर कथा त्यांनी जवळजवळ संपूर्ण बाजूला ठेवली. रोमेरोंच्या क्षेत्रात आपण शिरकाव करू नये ही त्यांची भूमिका होती, आणि चित्रपटाला विनोदाचे वळण मिळाले ते यामुळे.

ओ'बॅनन (१९४६–२००९) हे ‘डार्क स्टार’ (१९७४) व ‘एलियन’ (१९७९) यांचे लेखक. दिग्दर्शक म्हणून हा त्यांचा पहिला चित्रपट. त्यानंतर त्यांनी ‘द रिझरेक्टेड’ (१९९१) हा आणखी एकच चित्रपट दिग्दर्शित केला.

कथानक : केंटकी राज्यातील लुइव्हिल शहर, ३ जुलै १९८४ ची संध्याकाळ. वैद्यकीय महाविद्यालयांना सांगाडे, शवे आणि अभ्यासासाठी उभे चिरलेले कुत्रे पुरवणाऱ्या ‘युनीडा’ या गोदामात फ्रेडी नुकताच कामाला लागला आहे. जुना कामगार फ्रँक त्याला एक गुपित सांगतो. ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ची गोष्ट खरी होती; १९६९ मध्ये पिट्सबर्गच्या एका लष्करी रुग्णालयात रसायन गळून प्रेते हलू लागली होती. लष्कराने ती पिंपात बंद केली, पण पिंपे भलत्याच पत्त्यावर रवाना झाली आणि आज ती याच तळघरात पडून आहेत. फ्रँक फ्रेडीला पिंप दाखवायला नेतो, मजबुती पटवण्यासाठी त्यावर थाप मारतो आणि वायू सुटतो.

शीतकक्षातील शव जिवंत होते. डोक्यात कुदळ घातली तरी ते मरत नाही, तेव्हा सिनेमात तर हाच उपाय चालला होता, म्हणून फ्रँक, फ्रेडी आणि गोदामाचा मालक बर्ट असे तिघेही चक्रावतात. बर्टच्या हुकमाने शवाचे तुकडे करून ते शेजारच्या अंत्यसंस्कारगृहात अर्नीच्या दहनभट्टीत जाळले जातात. धूर ढगात मिसळतो, पाऊस पडतो आणि ते पाणी पलीकडच्या दफनभूमीत मुरते. तिथे फ्रेडीची सुटी होण्याची वाट पाहत त्याची प्रेयसी टीना आणि तिची पंक टोळी बसलेली असते. पुढची रात्र प्रेतांची. मदतीला आलेल्या रुग्णवाहिकेच्या बिनतारी यंत्रावरून एक प्रेत आणखी रुग्णवाहिका मागवून घेते. शेवटी बर्ट पिंपावर छापलेल्या लष्कराच्या क्रमांकावर दूरध्वनी करतो. लष्कराची योजना तयारच असते. ४ जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या, पहाटे लुइव्हिलवर अण्वस्त्र डागले जाते आणि त्यानंतर पुन्हा पाऊस सुरू होतो.

सांगाड्यांचे गोदाम : प्रारंभीच्या प्रसंगात फ्रँक फ्रेडीला टांगलेले सांगाडे दाखवतो आणि हा सारा माल भारतातून येतो असे सांगतो. सगळ्या सांगाड्यांचे दात इतके सुबक कसे, अशी शंकाही तो बोलून दाखवतो. तिकडे सांगाड्यांची शेतीच होत असावी हा त्याचा तर्क. बहुतेक समीक्षकांनी हा संवाद थट्टा म्हणून सोडून दिला आहे. भारतीय वाचकाने तो सोडू नये. त्यातली शेतीची कल्पना अतिशयोक्तीची, पण मूळ विधान खरे आहे.

एकोणिसाव्या शतकात शरीररचनाशास्त्राचे शिक्षण वाढले तशी युरोपात शवांची टंचाई निर्माण झाली. एडिंबरोत बर्क व हेअर यांनी १८२८ मध्ये शवे विकण्यासाठी माणसे मारली आणि त्या प्रकरणानंतर ब्रिटनने १८३२ चा शरीरशास्त्र कायदा केला. तयार अस्थिसंचांची गरज पुढे मोठ्या प्रमाणावर भारतातून भागवली जाऊ लागली. या व्यापाराचे केंद्र कलकत्ता होते. बेवारस शवे आणि स्मशानांतून मिळवलेली हाडे स्वच्छ करून, तारेने जोडून परदेशी महाविद्यालयांना पाठवली जात. १९८४ या एका वर्षात सुमारे ६०,००० कवट्या व सांगाडे निर्यात झाल्याचा आकडा अमेरिकन वृत्तपत्रात आला होता. १९८५ मध्ये लहान मुलांच्या दीड हजार सांगाड्यांच्या निर्यातीवरून एका व्यापाऱ्याला अटक झाल्याचे वृत्त आले. मुले पळवली जात असल्याची भीती पसरली आणि त्याच वर्षी भारत सरकारने मानवी अवशेषांच्या निर्यातीवर बंदी घातली. म्हणजे फ्रँकचे ते वाक्य प्रेक्षकांनी ऐकले त्याच वर्षी त्यामागचा कायदेशीर व्यापार संपला. चोरटी निर्यात नंतरही उघडकीस येत राहिली. पाश्चात्त्य महाविद्यालये हळूहळू प्लॅस्टिकच्या प्रतिकृतींकडे वळली.

महाराष्ट्रातील व्यवस्था वेगळी होती. मुंबई राज्याच्या १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्याने बेवारस शवे वैद्यकीय महाविद्यालयांना देण्याची तरतूद केली. वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला येणारा विद्यार्थी वरच्या वर्गाकडून जो ‘बोन सेट’ विकत घेई, तो खऱ्या माणसाचा असे. त्या माणसाचे नाव कुणाला माहीत नसे. युनीडाच्या गोदामात टांगलेल्या माणसांनाही नाव नाही. हा चित्रपट त्यांच्याबद्दल हळहळ व्यक्त करत नाही. पण कॅमेरा त्यांच्यावर रेंगाळतो.

रसायन : कथेत मृतांना उठवणाऱ्या द्रव्याचे नाव २-४-५ ट्रायॉक्सिन असे आहे. गांजाच्या पिकावर फवारण्यासाठी ते लष्कराकरिता बनवले होते, असा खुलासा येतो. व्हिएतनाममध्ये वापरलेल्या ‘एजंट ऑरेंज’ या तणनाशकाचा एक घटक २,४,५-टी होता आणि त्यात डायॉक्सिन हे विषारी अपद्रव्य असे. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या साहाय्याने मेक्सिकोत गांजाच्या शेतांवर पॅराक्वाट फवारले गेले. त्या काळच्या अमेरिकन प्रेक्षकाला हे दोन्ही संदर्भ नवे नव्हते. भारतात मात्र हा चित्रपट भोपाळची वायुगळती डोळ्यांसमोरून हलवून पाहता येत नाही. कथेतील रात्र जुलै १९८४ ची, भोपाळची डिसेंबर १९८४ ची. चित्रपटाची कल्पना आधीची असल्याने थेट संबंध नाही. गळती, अपुरी माहिती आणि पत्ता नसलेली जबाबदारी हा क्रम मात्र तोच आहे.

मृतांचे स्वरूप : रोमेरोंची प्रेते संथ, मुकी आणि डोक्यात गोळी घातली की संपणारी. ओ'बॅनन यांची प्रेते पळतात, बोलतात, डावपेच आखतात आणि तुकडे केले तरी हालचाल थांबवत नाहीत. धावणाऱ्या बाधितांचा मान इटालियन ‘नाइटमेअर सिटी’ला (१९८०) द्यावा असे काही अभ्यासक म्हणतात. मेंदू खाण्याचे श्रेय मात्र वादातीत आहे. ‘द सिम्पसन्स’ या व्यंगपटमालिकेच्या १९९२ मधील एका भागात झॉम्बी मेंदू शोधत फिरतात, तोवर ही कल्पना सर्वतोमुखी झालेली होती.

मेंदूच का, याचे उत्तर चित्रपटातच मिळते, आणि तो त्यातला सर्वांत चांगला प्रसंग आहे. अर्नी कमरेपासून खाली काहीच न उरलेल्या एका वृद्ध स्त्रीचे प्रेत टेबलावर बांधून तिला प्रश्न विचारतो. मेलेले असणे दुखते, आपण कुजत असल्याचे जाणवते आणि मेंदू खाल्ला की ते दुखणे थोडा वेळ थांबते, असे ती सांगते. ही बाहुली टोनी गार्डनर यांनी घडवली. ओ'बॅनन स्वतः क्रोन या आतड्याच्या वेदनादायी विकाराने अनेक वर्षे पीडित होते आणि त्यातूनच त्यांचा मृत्यू झाला. प्रसंगाचा उगम तिथेच आहे असे ठामपणे म्हणता येणार नाही, पण वेदनेला इतके साधे बोलू देणारा लेखक ती ओळखून होता, एवढे दिसते.

पिंपातून बाहेर येणाऱ्या डांबरासारख्या गळत्या प्रेताची, ‘टारमॅन’ची, भूमिका कळसूत्रीकार ॲलन ट्राउटमन यांनी केली. रंगभूषेचे काम विल्यम मन्स यांच्याकडून चित्रीकरणादरम्यान काढून केनी मायर्स यांच्याकडे देण्यात आले.

फ्रँक आणि फ्रेडी : वायू हुंगलेले हे दोघे एकदम मरत नाहीत. रुग्णवाहिकेतील परिचारक नाडी पाहतात, ती लागत नाही, रक्तदाब नाही, अंग खोलीच्या तापमानाला आलेले. तरी दोघे बोलत असतात, थंडीने कुडकुडत असतात. पुढे स्नायू ताठरू लागतात. शवाच्या अवस्था पुस्तकात ज्या क्रमाने दिलेल्या असतात, जवळपास त्याच क्रमाने त्या जिवंत माणसांवर आणलेल्या आहेत. प्रेक्षक हसतो तो या दोघांच्या आरड्याओरड्याला. पण फ्रेडीला नोकरी लागून फार दिवस झालेले नाहीत आणि थोरांनी झाकून ठेवलेल्या पिंपाची किंमत त्याला मोजावी लागते, हे चित्रपट विसरू देत नाही. फ्रँक अखेर बोटातली अंगठी काढून ठेवतो आणि स्वतःच दहनभट्टीत शिरतो. हा प्रसंग कॅरेन यांनी सुचवला होता. पावसातल्या चित्रीकरणातून सुटका व्हावी हा त्यामागचा हेतू होता, असे त्यांनीच नंतर सांगितले. हेतू काही असो, चित्रपटात तो एकमेव अंत्यसंस्कार आहे.

तरुण पात्रे : ट्रॅश, स्पायडर, स्कझ, सुइसाइड, चक, केसी. गुलाबी-लाल केस, साखळ्या, कातडी जॅकेटे. भयपटांत अशी मुले सहसा बळी जाण्यापुरती येतात. इथेही बरीच जातात. पण टीनाची किंकाळी ऐकून तळघरात आधी उतरतो तो टोळीत सर्वांत उद्धट असलेला सुइसाइड, आणि पहिला बळी त्याचाच. प्रौढ पात्रे बहुतांश वेळ कुणाला कळवायचे नाही यावर खल करत असतात. मुलांना कुणी काही सांगतच नाही.

संगीत : द क्रॅम्प्स, ४५ ग्रेव्ह, टी.एस.ओ.एल., द डॅम्ड, रॉकी एरिकसन, एसएसक्यू इत्यादी. ध्वनिमुद्रिका एनिग्मा कंपनीची.

प्रतिसाद : निर्मितिखर्च ३० ते ४० लाख डॉलर, अमेरिकेतील उत्पन्न सुमारे १.४ कोटी डॉलर. रॉजर ईबर्ट यांचा अभिप्राय अनुकूल होता. त्याच वर्षी आलेल्या रोमेरोंच्या ‘डे ऑफ द डेड’शी तुलना अटळ ठरली. व्हिडिओ कॅसेटच्या काळात चाहतावर्ग वाढला. निर्मितीवर ‘मोअर ब्रेन्स!’ हा माहितीपट २०११ मध्ये निघाला.

पुढील भाग : दुसरा १९८८ (दिग्दर्शक केन वीडरहॉर्न, कॅरेन व मॅथ्यूज निराळ्या भूमिकांत), तिसरा १९९३ (ब्रायन युझना), चौथा व पाचवा २००५. तिसऱ्यात विनोद जवळजवळ नाही. मेलेल्या प्रेयसीला उठवणाऱ्या मुलाची ती शोकांतिका आहे.

भारतीय चित्रपट : झॉम्बी आणि विनोद यांची सांगड हिंदीत ‘गो गोवा गॉन’ने (२०१३, दिग्दर्शक राज व डीके) घातली. त्यात एका बेटावरच्या पार्टीतील नव्या अमली पदार्थातून साथ सुरू होते. मराठीत आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘झोंबिवली’ (२०२२, अमेय वाघ, ललित प्रभाकर, वैदेही परशुरामी) डोंबिवलीत घडतो. दोन्हींत आपत्ती माणसाने बनवलेल्या मालातून येते. ‘झोंबिवली’त त्याला वस्तीच्या पाण्याच्या प्रश्नाची जोड आहे.