अतिक्रमण कुणाचं?

चारकोपात कुणाचीही ट्रंक उघडा दोस्तांनो, तळाशी प्लास्टिकात गुंडाळलेलं म्हाडाचं ॲलॉटमेंट लेटर सापडेल. १९८५ नंतर जागतिक बँकेच्या कर्जातून इथं प्लॉट पडले. कागद आहे म्हणून आपण रहिवासी. हायवेपलीकडं बोरिवलीच्या जंगलात, आरेच्या पाड्यांत वारली आपल्या कितीतरी आधीपासून राहतो. त्याच्याकडं कागद नाय. म्हणून तो अतिक्रमण.

हे कुणी ठरवलं? साष्टी इंग्रजांनी १७७४ला घेतली. शहराला तहान लागली तसे डोंगरात बांध घातले. विहार १८६०, तुळशी १८७९. गिरणगावही तेच पाणी प्यालं, म्हणजे आपले आजे-पणजेही ह्यात आले. मधेच १८७८चा जंगल कायदा. सरकार जंगल राखीव करणार, नोटीस लावणार. तुमचा हक्क असेल तर मुदतीत सांगा. नाही सांगितला, हक्क मेला. ज्याच्यापर्यंत अक्षर कुणी पोचूच दिलं नाही, त्यानं नोटीस वाचायची! ही चाल आपल्या ओळखीची आहे. आपल्याला गावकुसाबाहेर ठेवलं, ह्यांना त्यांच्याच रानात उपरं केलं.

इंग्रज गेला, कायदा राहिला. १९४९ला आरे कॉलनी झाली. म्हशींच्या गोठ्यांना युनिट नंबर मिळाले, पाड्यांत मात्र कित्येक वर्षं वीज नाही. १९९७ला हायकोर्टानं नॅशनल पार्कातली अतिक्रमणं काढायला सांगितलं. पुरावा कोणता? १ जानेवारी १९९५ची मतदारयादी. वाघोबाला शेंदूर लावणाऱ्याचं नाव मतदारयादीत शोधायचं!

२००६च्या वनहक्क कायद्यानं ऐतिहासिक अन्याय झाला असं सरळ कबूल केलं. म्हाताऱ्या माणसाचा तोंडी जबाबसुद्धा पुरावा धरला. पण हक्क मिळायला जागा आधी जंगल पाहिजे. मेट्रोच्या कारशेडला आरेची जमीन हवी होती, तेव्हा सरकार म्हणालं, हे जंगलच नव्हे. ४ ऑक्टोबर २०१९ला हायकोर्टानं याचिका फेटाळल्या, त्याच रात्री करवती लागल्या. सुप्रीम कोर्टानं ७ तारखेला थांबवलं तोवर २१४१ झाडं पडली होती. अडवायला गेलेली २९ पोरंपोरी तुरुंगात.

पुढच्याच वर्षी आरेची आठशेएक एकर जमीन राखीव जंगल करायचं जाहीर झालं. आनंदच आहे. पण कायदा कोणता? १९२७चा, म्हणजे १८७८चाच पोरगा. त्याचं कलम ४ लागलं. पाड्यावर परत तीच नोटीस : दावा असेल तर मुदतीत सांगा.