अनादि विश्वाचा वाद आणि दीर्घिकांचे महासमूह

विश्वाला आरंभ आहे काय, हा प्रश्न आपणांस नवा नाही. लोक अकृत्रिम व अनादिनिधन आहे, त्याचा कोणी कर्ता नाही, असे जैन आचार्य सांगत आले. विसाव्या शतकात खगोलशास्त्रातही याच प्रश्नावर मोठा वाद झाला आणि कोल्हापुरात जन्मलेल्या एका मराठी तरुणाने त्यात भाग घेतला.

फ्रेड हॉईल, बाँडी व गोल्ड यांनी १९४८ साली स्थिर स्थिती सिद्धांत मांडला. विश्व प्रसरण पावते. परंतु नवे द्रव्य सतत निर्माण होत असल्याने त्याचे रूप सदैव तेच राहते, त्यास आदि नाही. १९६१ मध्ये केंब्रिजच्या मार्टिन राईल यांनी रेडिओ स्रोतांची गणना पुढे करून त्यावर घाव घातला. दूरचे स्रोत प्रमाणाबाहेर अधिक दिसत होते; दूरचे म्हणजे पूर्वीचे, अर्थात विश्व पूर्वी निराळे होते. हॉईल यांचे विद्यार्थी जयंत नारळीकर त्या वेळी अवघे बावीस वर्षांचे. गुरुशिष्यांनी उत्तर दिले की, दीर्घिका सर्वत्र सारख्या विखुरलेल्या नाहीत. त्यांचे समूह, समूहांचे महासमूह आणि मध्ये विस्तीर्ण पोकळ्या असल्या पाहिजेत. पोकळीतून पाहणाऱ्यास जवळचे स्रोत थोडेच दिसणार. (उघड्या माळावर उभे राहून झाडे मोजणाऱ्यास आपल्या शेंदूरजनाघाटातही संत्री दूरच दिसतील!) एवढे प्रचंड महासमूह तेव्हा फारसे कोणाला पटले नाहीत.

१९६५ साली विश्वव्यापी सूक्ष्मतरंग प्रारणाचा शोध जाहीर झाला आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या पक्षाला गेले. आज विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे मानतात. नारळीकरांनी मात्र महास्फोट शेवटपर्यंत स्वीकारला नाही. त्यांच्या मतात आगमांचा पुरावा शोधण्याचा मोह आपल्यापैकी काहींना होतो. प्रस्तुत लेखकास तो उचित वाटत नाही. त्या सिद्धांतात नवे द्रव्य उत्पन्न होते. आपल्या दर्शनात पर्याय बदलतात, द्रव्य नव्याने उपजत नाही.

महासमूहांची गोष्ट मात्र खरी ठरली. पुढील दशकांतील आकाशनकाशांत महासमूह व पोकळ्या स्पष्ट दिसू लागल्या. नारळीकर ज्या संस्थेचे संस्थापक संचालक होते, त्या पुण्याच्या आयुकातील जयदीप बागची व सहकाऱ्यांनी जुलै २०१७ मध्ये मीन राशीच्या दिशेस एक महासमूह शोधल्याचे जाहीर केले. अंतर सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे, विस्तार ६० कोटी, त्यात ४३ दीर्घिकासमूह. त्यास सरस्वती हे नाव दिले गेले. नारळीकरांच्या हयातीतच हे घडले. २० मे २०२५ रोजी ते निवर्तले.

सरस्वती नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. परंतु आश्विन-कार्तिकातील अमावास्येस, गावाच्या दिव्यांपासून दूर गेल्यास, मीन राशीच्या उत्तरेस देवयानी दीर्घिकेचा अंधूक ठिपका दिसतो. ती आपल्या आकाशगंगेच्याच स्थानिक समूहातील, २५ लक्ष प्रकाशवर्षांवरची शेजारीण होय.