पाटीमागचा इतिहास

राजारामपुरीतील एखाद्या प्रसूतिगृहाच्या दाराशी जावे, तर गर्भलिंगनिदान येथे होत नाही, तो कायद्याने गुन्हा आहे, असे सांगणारी पाटी दिसते. सवयीने आपण ती वाचेनासे झालो आहोत. परंतु मातेच्या रक्तावरून गर्भाच्या गुणसूत्रांचा अंदाज घेणारी तपासणी आज आपल्या कुटुंबांपर्यंत पोहोचली असताना, त्या पाटीमागचा इतिहास स्मरणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१९५९ साली पॅरिसमध्ये झेरोम लेजन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, डाऊन सिंड्रोम असलेल्या बालकांत एकविसावे गुणसूत्र दोनाऐवजी तीन असते. लेजन श्रद्धावान कॅथलिक होते. या शोधातून उपचार सापडावा, ही त्यांची आस होती. त्याच ज्ञानाने अशी बालके जन्मापूर्वीच नाकारली जाऊ लागली, तेव्हा ते व्यथित झाले व अखेरपर्यंत त्याविरुद्ध बोलत राहिले.

आपल्या देशातही तसेच घडले. १९७०च्या दशकात आनुवंशिक दोष ओळखण्यासाठी आलेली गर्भजल तपासणी लवकरच मुलींच्या जिवावर उठली. महाराष्ट्राने १९८८ साली देशात प्रथम त्याविरुद्ध कायदा केला. १९९४ चा केंद्रीय कायदा १९९६ पासून अमलात आला. तरीही २००१ च्या जनगणनेत राजर्षी शाहूंच्या या जिल्ह्यात, सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली होत्या अवघ्या ८३९! पुढे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या पुढाकाराने येथील सोनोग्राफी यंत्रांना प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारे 'सायलेंट ऑब्झर्व्हर' हे उपकरण बसविण्यात आले.

नव्या रक्ततपासणीचे मूळ १९९७ सालचे. मातेच्या रक्तात गर्भाच्या डीएनएचे अंश फिरत असतात, हे डेनिस लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले. २०११ पासून ही तपासणी रुग्णांना मिळू लागली. हे अंश मुख्यतः वारेतून येतात. दहाव्या आठवड्यानंतर मातेच्या दंडातून थोडे रक्त घेतले की पुरते. गर्भाला धक्का लागत नाही. मात्र ही चाळणी आहे, निदान नव्हे. अहवालात 'धोका अधिक' असे आले, तरी बाळ निरोगी असू शकते. खात्री करण्यास गर्भजल तपासणीसारखी निदान करणारी तपासणी लागते, आणि तीत गर्भपाताचा अल्पसा धोका असतो. या रक्तातून लिंगही कळू शकते; म्हणून येथेही तोच कायदा लागू आहे.

मग ही तपासणी करावी काय? ख्रिस्तसभेने १९८७ च्या 'डोनुम वीते' या शिकवणीत जन्मपूर्व तपासणी सरसकट निषिद्ध ठरविलेली नाही. बाळाच्या जिवाचा मान राखून, त्याच्या हितासाठी व उपचारासाठी ती करता येते. दोष आढळल्यास गर्भ नष्ट करण्याच्या हेतूने नव्हे. म्हणून रक्त देण्यापूर्वीच पतिपत्नींनी एकमेकांस विचारावे, 'उत्तर काहीही आले, तरी हे बाळ आपलेच ना?'

आणि ज्या घरी असे बाळ जन्मेल, त्या घराकडे आपल्या धर्मग्रामाची पावले वळली पाहिजेत. पाटी कायद्याने लावता येते. पाळणा मात्र माणसांनीच बांधावा लागतो.