सोडून जाणाऱ्याचा हिशेब

कावेरीच्या पाण्यावर पिकणाऱ्या तंजावर जिल्ह्यातला पन्नैयाळ म्हणजे आपल्याकडचा सालगडी. मजुरी भातात, झोपडी मालकाच्या जागेत आणि लग्नकार्याला घेतलेली उचल डोक्यावर. असा माणूस काम सोडतो म्हणाला, की त्याचं येणं राहायचं बाजूला, त्याच्याच नावावर देणं निघायचं.

१८५९ चा कायदाही मालकाच्याच बाजूचा. उचल घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करता येई. हुकूम मोडला तर तीन महिन्यांपर्यंत कैद. हा कायदा रद्द व्हायला १९२५ साल उजाडलं. दरम्यान १८८४ मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा, ही त्यातली एक मागणी. ती मला फार मोलाची वाटते. पगार मालकाकडे अडकून असेल तर सोडून जायची हिंमत कुणाला होणार?

१९३६ च्या वेतन कायद्यानं मुदत घातली: मालकानं कामावरून काढलं, तर दुसरा कामाचा दिवस संपायच्या आत पगार चुकता करायचा. राजीनामा देणाऱ्याचं मात्र नाव नाही. शेतमजूर तर या कायद्याच्या खिजगणतीतही नव्हता. तंजावरात कम्युनिस्टांनी पन्नैयाळांची संघटना बांधली, तेव्हा कुठे १९५२ मध्ये मद्रासच्या राजगोपालाचारी सरकारनं केवळ या जिल्ह्यासाठी कुळं आणि पन्नैयाळ यांच्या संरक्षणाचा कायदा केला. मन मानेल तेव्हा गड्याला हाकलायला त्यानं मज्जाव केला. बऱ्याच जमीनदारांनी मग गडी ठेवणंच सोडलं आणि रोजंदारीवर माणसं घेतली.

स्वतःहून सोडणाऱ्याला केंद्रीय वेतन कायद्यात स्पष्ट जागा मिळाली ती २०१९ च्या वेतन संहितेत. कलम १७ म्हणतं, काढलेला असो की राजीनामा दिलेला, दोन कामाच्या दिवसांत त्याचा पगार द्या. संहिता लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. तेव्हा ‘फुल अँड फायनल’साठी पंचेचाळीस दिवस थांबा, हे कंपनीचं उत्तर मुकाट्यानं ऐकून घेऊ नये. पगार अडवला तर तीन वर्षांच्या आत दावा लावता येतो, आणि थकलेल्या रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई मिळू शकते. त्यासाठी नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या आणि राजीनामा पोहोचल्याची सही जपून ठेवावी.