कारवी : ओळख आणि नामांतरे

सह्याद्रीच्या उतारांवर कारवीचे क्षुप इतके विपुल आहे की, तिची ओळख पटविणे हा कधी प्रश्न होऊ शकेल असे कोकणातील गावकऱ्यास वाटणार नाही. कुडाच्या भिंतीसाठी सरळ काठ्या हव्या असल्या की रानात जावे, कारवी तोडून मोळी आणावी, ती शेणमातीने लिंपावी. हा व्यवहार पिढ्यान् पिढ्या चालत आला. शास्त्रास मात्र या क्षुपाने बराच काळ घोळविले.

जर्मन पंडित नीस फॉन एझेनबेक याने १८३२ साली वालिखच्या ग्रंथात या वनस्पतीचे वर्णन प्रसिद्ध करून तिला ‘स्ट्रोबिलँथस कॅलोसस’ असे नाव दिले. नीसने हिंदुस्थान पाहिलेला नव्हता. त्याच्यासमोर होते ते येथून गेलेले वाळलेले नमुने. यांतील प्रजातिनाम ब्लूमने १८२६ साली जावातील वनस्पतींवरून योजिले होते. शंकूसारख्या फुलोऱ्याचा बोध त्यातून होतो. जातिवाचक शब्द खोडाच्या घट्टे पडल्यासारख्या खरबरीतपणास अनुलक्षून आहे. शब्द नेमका निवडला यात संशय नाही, कारण फूल नसताना कारवी हाती लागते ती याच चौकोनी, पुटकुळ्यांच्या खोडावरून आणि समोरासमोर येणाऱ्या, दंतुर कडांच्या मोठ्या पानांवरून.

फूल नसताना, हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. कारवी आयुष्यात एकदाच फुलते. सात-आठ वर्षे ती केवळ वाढते, उन्हाळ्यात पाने झाडून उभी राहते. मग एका पावसाळ्याच्या उत्तरार्धात अवघा डोंगर निळाजांभळा होतो, फळे धरतात व झाडे मरून जातात. वाळलेली बोंडे पुढील पावसाच्या ओलीने तडकतात, बी दूर उडते आणि नवी पिढी एकाच वेळी रुजते. म्हणूनच पुढचा बहरही एकदमच येतो. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात २०००, २००८, २०१६ आणि २०२४ या वर्षी तो आला. सर्व डोंगरांचे वर्ष मात्र एक नसते. एखाद्या संग्राहकाची नेमणूक चार-पाच वर्षांची असली, तर त्याला आपल्या टेकडीवरील कारवीचे फूल मुळीच न दिसणे संभवते. आणि फुलाखेरीज या कुलातील वनस्पतींचे वर्गीकरण करणे म्हणजे मुखपृष्ठ फाटलेल्या ग्रंथाचा कर्ता ओळखण्यासारखे आहे. आखरा, वायटी, टोपली कारवी ही सोयरी मंडळीही याच प्रदेशात राहतात, त्यामुळे घोटाळ्यास जागा राहतेच. गावकऱ्याने मात्र त्यांना निरनिराळी नावे दिलेली आहेत, हे ध्यानात ठेवण्याजोगे.

नामकरणातील मोठी घडामोड झाली ती डच वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रेमेकँप याच्या १८४४ नव्हे, तर बरोबर एका शतकाने पुढच्या, १९४४ सालच्या प्रबंधाने. परागकणांची रचना प्रमाण मानून त्याने स्ट्रोबिलँथसचे अनेक प्रजातींत तुकडे केले, आणि कारवीसाठी स्वतंत्र प्रजाती स्थापून तिला नाव दिले ‘कार्विया’. रानातील मराठी शब्द लॅटिन प्रत्यय लावून थेट शास्त्रात गेला. भारतीय वनस्पतिसूचींत हे नाव दीर्घकाळ रूढ राहिले.

पण तुकडे करणे सोपे, त्यांच्या सीमा राखणे कठीण. २००२ साली कॅरिन व स्कॉटलंड यांनी या गटाची फेरतपासणी करून सर्व लहान प्रजाती पुन्हा एकाच विस्तृत स्ट्रोबिलँथसमध्ये घेण्याचा पक्ष मांडला, व तो आता सामान्यतः स्वीकारला जातो. युक्तिवाद सबळ आहे. केवळ मराठी नावाच्या ममत्वाने तो नाकारणे योग्य नव्हे. त्यामुळे आज कारवी शास्त्रात पुन्हा नीसच्या मूळ नावाकडे आली असून ‘कार्विया’ हे समानार्थी नावांच्या रांगेत जाऊन बसले आहे. जुन्या संग्रहांतील कागदांवर मात्र ते अद्याप वाचावयास मिळते, आणि १९४४ नंतरच्या नोंदी चाळणाऱ्या अभ्यासकाने दोन्ही नावांखाली शोध घेतला नाही, तर बहराची कित्येक वर्षे त्याच्या गणनेतून निसटतील.