पांगाऱ्याच्या आधारावर

नाशिकच्या द्राक्षांची कीर्ती माघ-फाल्गुनात बाजारात येते. परंतु ज्या उन्हात ती घडते ते ऊन चैत्र-वैशाखाचे असते, ही गोष्ट ज्याने स्वतः बाग केली नाही त्याच्या सहसा ध्यानात येत नाही. शेवटचा घड उतरला, पेट्यांच्या गाड्या निघून गेल्या, की वाटसरूला बाग संपली असे वाटते. बागाईतदाराचे वर्ष मात्र तेथूनच सुरू होते.

वनस्पतिशास्त्र द्राक्षाला मृदुफळ म्हणते. पातळ साल, आत सारा रसाळ गर आणि बी असलेच तर त्या गरातच रुतलेले. निफाड-दिंडोरीच्या काळ्या रानातले पाण्यावर वाढवलेले द्राक्ष आणि त्र्यंबक-इगतपुरीच्या डोंगरांवर कोणी न लावता येणारे करवंद ही दोन्ही याच जातीची फळे. एकाचा इतिहास दप्तरात सापडतो, दुसऱ्याचा केवळ लोकांच्या स्मरणात. तरीही त्या दोघांना सांधणारा एक धागा आहे, आणि तो म्हणजे मधमाशी.

मोगल अमदानीत नाशिक शहराचे नाव गुलशनाबाद होते. मराठ्यांच्या अमलात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, नाशिक हे पुरातन नाव पुन्हा रूढ झाले. गोदावरीचे पाणी, मोटेच्या विहिरी आणि निचऱ्याची जमीन असे तिहेरी आनुकूल्य लाभल्यामुळे येथे बागाईत रुजले, आणि त्या बागाइतात द्राक्षवेलीला मानाची जागा मिळाली. त्या काळी लोखंडी खांब किंवा तारांचे मांडव नव्हते. वेल चढे ती पांगाऱ्याच्या जिवंत झाडावर. पांगाऱ्याची फांदी पावसाच्या तोंडाशी खोवली की ती फुटते, भराभर वाढते, शेंगवर्गीय असल्यामुळे जमिनीला नत्र देते, आणि माथा छाटून ठेवला की वेलीला हवा तेवढाच आडोसा देते. भोकरी, फकडी, हबशी, साहेबी ही त्या बागांतल्या द्राक्षांची नावे. ती नावे आज वृद्धांच्या तोंडीच उरली आहेत.

बागेच्या कडेचा जो पांगारा कोयत्यातून सुटे, तो शिशिराच्या अखेरीस पाने झाडून टाकून निव्वळ लाल फुलांनी भरून जाई. सारे शिवार करड्या रंगाचे झालेले असताना त्या एका झाडावर साळुंक्या, बुलबुल, कावळे आणि मधमाश्या यांची सकाळपासून वर्दळ असे. ढोलीत राहणारी सातेरी, उंच फांदीवर उघडे पोळे टांगणारी आग्या, झुडपातली इवलीशी फुलोरी, या सर्वांची उन्हाळ्याच्या तोंडाची बेगमी तेथे होई.

याच सुमारास खरड छाटणी येते. माणूस वेलीच्या आडव्या फांदीखाली, म्हणजे ओलांड्याखाली, उभा राहतो, गेल्या हंगामाची काडी डाव्या हातात धरतो, बुडाशी एखादाच डोळा राखतो आणि बाकीची संपूर्ण काडी उतरवतो. पाहणाऱ्याला ती निर्दयता वाटते. पण त्या राखलेल्या डोळ्यातून जी नवी काडी निघते, तिच्या डोळ्यांत 40 ते 60 दिवसांच्या आत पुढील वर्षाचा घड सूक्ष्मरूपाने घडत असतो, आणि त्यासाठी तिला स्वच्छ, प्रखर ऊन लागते. जुन्या पद्धतीत या छाटणीचेही फळ धरीत. ते ऐन पावसात पिकून आंबट निघे. म्हणून आश्विनातल्या दुसऱ्या छाटणीला ‘गोडी छाटणी’ हे नाव पडले.

गोडी छाटणीनंतर 35 ते 40 दिवसांनी वेल फुलते, आणि ते फुलणे दिसत नाही इतके विनम्र असते. मोहरीच्या दाण्याएवढ्या हिरव्या कळीच्या पाकळ्या शेंड्याशी जुळलेल्या असतात. त्या बुडाशी सुटतात आणि टोपी उतरावी तशा एकत्र गळून पडतात. द्राक्षाचे परागसिंचन बहुधा आपले आपणच होते; तरीही परागासाठी माशी या फुलोऱ्यावर येते.

1925 साली ओझर येथे रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी द्राक्षाची लागवड केली, आणि तेथून या व्यवसायाला आधुनिक वळण लागले. पुढे अनाबेशाही आली, मग बिनबियांची थॉमसन आली. 1960 साली बागाईतदारांचा राज्यव्यापी संघ स्थापन झाला. लोखंड आणि तार यांचा मांडव सर्वत्र पसरला. केवडा, भुरी आणि करपा यांच्याशी झुंजताना मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणापासून नवनव्या औषधांपर्यंत फवारणी वाढत गेली. यातून शेतकऱ्याच्या घरात जी समृद्धी आली ती कष्टाची आहे, आणि तिला कोणी नावे ठेवू नयेत. मात्र या स्थित्यंतरात पांगारा तुटला, आणि त्याच्याबरोबर माशीची उन्हाळी शिधाशिदोरीही गेली.

पश्चिमेच्या डोंगरांत ही शिदोरी अजून आहे. तेथे करवंदीच्या जाळ्या वसंतात पांढऱ्या, सुगंधी फुलांनी भरतात, आणि वैशाखात आदिवासी भगिनी पानांच्या द्रोणांतून काळी करवंदे घेऊन रस्त्याच्या कडेला बसतात. त्या द्रोणातल्या फळामागे कीटकांचे श्रम आहेत.

द्राक्षाला माशीची गरज नाही, असे म्हणून बागाईतदाराने स्वस्थ बसू नये. त्याच्याच बांधापलीकडे बियाण्यासाठी लावलेले कांद्याचे डोंगळे माशी फिरल्यावाचून भरत नाहीत, आणि जिल्ह्यातल्याच कसमादे पट्ट्यातल्या डाळिंबालाही तिच्या येण्याने फळधारणा वाढते. म्हणून, फवारणी करावीच लागली तर माश्या पोळ्यात परतल्यावर, दिवेलागणीनंतर करावी. आणि या वर्षी पावसाच्या तोंडाशी, खर्च काही नाही, पांगाऱ्याची एक फांदी आणून बांधावर खोवावी. ज्या झाडाने नाशिकच्या द्राक्षवेलीला पहिला आधार दिला, त्याला गावात तेवढी जागा देणे आपले कर्तव्य आहे.