नामदार गोखल्यांचा संताप

नेमस्त म्हणजे मिळमिळीत, असा आपल्याकडे समज आहे. मला मात्र आठवते ते नामदार गोखल्यांचे भाषण.

१६ ऑक्टोबर १९०५ रोजी बंगालची फाळणी अमलात आली. लोक खवळले होते. डिसेंबरात बनारस काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून बोलताना गोखल्यांनी फाळणीला क्रूर अन्याय म्हटले आणि नुकत्याच पायउतार झालेल्या लॉर्ड कर्झनच्या कारभाराची तुलना थेट औरंगजेबाशी केली! पण त्या तुलनेतच कर्झनची कर्तव्यनिष्ठा आणि कामाचा प्रचंड उरकही त्यांनी मान्य केला; मग एकहाती सत्ता, अविश्वास आणि दडपशाही यांवर बोट ठेवले.

शिवी झटकून टाकता येते. गुणांचे माप पुरते घालून दाखवलेला दोष झटकणे कठीण, असे मला वाटते.